आमचा नववा गडी

‘मधून मार! अगदी मधून! त्याच्यावर काही सोडू नको बे!’

नागपूरकर ओरडत होता. त्याचं ओरडणं म्हणजे साधंसुधं नसतं. मिल्टन कीन्समधल्या यच्चयावत राउंडअबाउटांवर गाड्या जागच्या जागी थबकल्या असतील, आणि पलीकडच्या कौंटीतल्या मेंढरांनी चरणं सोडून माना वर केल्या असतील. सहा वर्षं हा आवाज मी ऐकत आलो होतो, पण माझ्या डाव्या कानात. समोरून तो कसा येतो, हे त्या शनिवारी पहिल्यांदा कळलं.

मी गोलाच्या दोन उंच खांबांच्या मधोमध उभा होतो. अंगात पांढरा कोट, दोन हातांत दोन झेंडे. चाळीस पावलांवर वेम्बलीचा पोरगा उभा होता. लांबुळका लाल बॉल दोन्ही हातांत धरून, खाली बघत. सामना संपायला मिनिटभर उरलेलं, आम्ही चार पॉइंटांनी पुढे, आणि पोरग्याच्या अंगात जर्सी पाहुण्या टीमची.

नागपूरकर मराठीत ओरडत होता आणि त्या अख्ख्या मैदानावर मराठी कळणारी माणसं तीन. ओरडणारा तो. किक मारणारा पोरगा. आणि ज्याच्यावर काही सोडायचं नव्हतं, तो मी.

हे कळायला जरा खेळ समजावून घ्यावा लागेल. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे क्रिकेटएवढ्या मैदानावर, रग्बीसारख्या बॉलने, भांडण लागल्यासारखा खेळलेला खेळ. बॉल फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, नाहीतर लाथाडायचा. किक मारलेला बॉल हवेत झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात, आणि मग थांबून आपली किक निवांत घ्यायची. त्यासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढलं तरी चालतं. उलट लोक टाळ्या वाजवतात. गोलाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून बॉल गेला की सहा पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला की एक. आणि उंच खांबाला नुसता चाटून गेला तरी एकच. सहा झाले की दोन झेंडे हलवायचे, एक झाला की एक झेंडा. हे ठरवायला खांबांत पांढऱ्या कोटातला माणूस लागतो, आणि आमच्यासारख्या हौशी लीगमध्ये तो यजमान क्लबाने द्यायचा असतो. आमच्या क्लबाने सहा वर्षं मला दिला होता.

आता, मी गोष्टी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या कोटात मी कधी एक इंचही वाढवलेला नाही. हे नागपूरकराला माहीत होतं, असा माझा समज होता.

आम्ही दोघं या खेळात आलो ते चुकून. सहा वर्षांपूर्वी दोघांनाही वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं की अमुक मैदानावर शनिवारी क्रिकेट असतं. गेलो तर क्रिकेटवाले नव्हतेच. गाडीच्या टपावरून पांढरे पाइप उतरवून ते जमिनीत रोवणारी, बिनबाह्यांच्या जर्सीतली माणसं होती, आणि एक ऑस्ट्रेलियन म्हातारी सॉसेज भाजत होती. मी पुण्याचा, तो नागपूरचा. एकमेकांना ‘तुम्ही पण क्रिकेटला?’ असं विचारलं आणि तिथेच बसलो ते बसलोच. पुढच्या आठवड्यात मी घडीच्या दोन हिरव्या खुर्च्या आणल्या, जोडीनेच मिळतात तशा. दोन्ही माझ्या डिकीत राहायच्या, आणि सामन्याला खांबांच्या मागे, म्हणजे बॉल पलीकडच्या टोकाला गेला की मला येऊन बसता येई. डावी त्याची, उजवी माझी. त्याच्या खुर्चीची कप ठेवायची जाळी फाटलेली, म्हणून त्याचा चहाचा कप माझ्या खुर्चीत आणि माझा चिवड्याचा डबा त्याच्या मांडीवर. युरोपात या खेळाचे मराठी चाहते आम्ही दोघंच असू. आशियातले धरले तरी दोघंच.

नवा गडी आला की त्याला पारखायचं काम आमच्याकडे असे. कोणी दिलं नव्हतं, आम्ही घेतलं होतं. म्हातारी ही क्लबाची सेक्रेटरी, सत्तरीची, पण बॉल अजून रस्त्यापलीकडे लाथाडते. तिची परीक्षा अशी: नव्या माणसासमोर बॉल जमिनीवर आपटायचा. हा बॉल कुठे उडेल ते त्याच्या बापाला माहीत नसतं. गडी बॉलकडे बघतो की माणसांकडे, एवढंच ती बघायची. नागपूरकराची परीक्षा सॉसेजची. सामन्याआधी कांदा घालून गरमागरम सॉसेज पुढे करायचा. ‘नंतर खातो’ म्हणाला तर गडी कामाचा. ‘खाऊन राहिला बे हा!’ असं तो माझ्या कानात म्हणाला की त्या माणसाचं करिअर तिथे संपलं. माझी परीक्षा बुटाच्या नाडीची. दोन गाठी मारणारा माणूस टिकतो. या तीन परीक्षांत सहा वर्षांत आमचा अंदाज कधी चुकला नाही. चुकला असेल, तर ते गडी आम्ही विसरलो.

गेल्या वर्षी क्लबात आठच जण उरले. लीगला नऊ लागतात. म्हातारीने सांगून टाकलं की नववा मिळाला नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात हे पाइप कुणाच्या तरी भाजीच्या वाफ्यात टोमॅटोला आधार देतील.

आणि नववा मला सापडला. मला. हे मी आजही सांगतो.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. आरती झाली, पोरांच्या हातातला गॅसचा एक फुगा सुटला आणि छताजवळ जाऊन अडकला. खाली मंडळाचे खजिनदार वाकून माइकची वायर प्लगमध्ये खुपसत होते. तेवढ्यात गर्दीतून एक सहा फुटी पोरगा धावत आला, खजिनदारांच्या पाठीवर गुडघा टेकला, वर गेला आणि दोरी पकडून खाली उतरला. फुगा हातात, चेहऱ्यावर काही नाही. खजिनदारांना तर वाटलं की कोणीतरी शाल पांघरली. अख्खा हॉल प्रसादाच्या रांगेत होता. मी एकटा ‘मार्क!’ म्हणून किंचाळलो. किंचाळी नागपूरकराने ऐकली, माझ्याकडे पाहिलं, पोरग्याकडे पाहिलं, आणि हातातला मोदक खाली ठेवला. नागपूरकराने मोदक खाली ठेवला म्हणजे प्रसंग किती गंभीर असेल ते बघा.

पोरगा वेम्बलीत जन्मला, वाढला. नोकरीसाठी आमच्याकडे आलेला. पंचवीसेक वर्षांचा. मराठी बोलायचा, पण वाक्य उतारावरून घसरल्यासारखं. ‘काका, मी हा गेम कधी पाहिली नाही.’

‘पाहायची गरज नाही,’ मी म्हणालो. ‘तू जन्मतःच खेळतोस.’

मार्चमध्ये तो पहिल्यांदा सरावाला आला. म्हातारीने बॉल आपटला. पोरग्याने बॉलकडेच पाहिलं. सॉसेजला म्हणाला, ‘मी नंतर खाईल.’ नाडीला दोन गाठी. आम्ही दोघांनी खुर्च्यांतून एकमेकांच्या हातावर टाळी दिली.

‘जमते,’ नागपूरकर म्हणाला. ‘पण त्याला वेळ दे. बॉल धरताच येत नाही अजून त्याला.’

‘वेळ कसला? पहिल्याच सामन्यात गोलासमोर उभा करू.’

‘तू कोणाला काही सांगू नको बे.’

मी काही सांगितलं नाही. फक्त कोचने विचारलं, तेव्हा एवढंच म्हणालो की याचे आजोबा पैजेवर विहीर ओलांडायचे. आणि कॅप्टनला म्हणालो की शाळेत याला उंच उडीतून काढून टाकला, कारण एकदा वर गेला तो कबुतरांबरोबर खाली आला. आणि म्हातारीला कबड्डीबद्दल थोडं. म्हणजे थोडं नाही, अर्धा तास. ऑस्ट्रेलियन माणसाला विहिरीचं कौतुक असतं हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारी कोच तेच समोरच्या क्लबाच्या कोचला सांगत होता आणि विहिरीला आता मगरही लागली होती.

एप्रिलमधल्या पहिल्या सामन्यात त्याला सरळ गोलासमोर उभा केला. तिथे सगळे बॉल त्याच्याकडेच येतात. सात आले, सात सुटले. फुगा हळू येतो, बॉल तसा येत नाही. आठव्याला तो उंच गेला, फारच सुंदर गेला, आणि बॉल त्याच्या नाकावर बसला. पाहुण्यांच्या बाजूने कोणीतरी कबुतरासारखं घुमलं. मग सगळेच घुमले. आमचेही दोघे-तिघे.

या खेळात एक छान पद्धत आहे. प्रत्येक पाव सामन्यानंतर प्रेक्षक थेट मैदानात जातात आणि आपापल्या टीमच्या भोवती कडं करून कोचचं बोलणं ऐकतात. आम्हीही गेलो. पोरगा नाकावर बर्फ धरून बसला होता. त्याला हसवावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, ‘अरे, आता पुढचा बॉल गॅस भरून आणू!’ आणि इंग्लिशमध्येही म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळेल. सगळे हसले. तो नाही हसला. नागपूरकरही नाही. मला वाटलं, चिवड्यातली मिरची लागली असेल.

पुढच्या शनिवारी पोरगा आला नाही. त्यानंतरही नाही. कोचने स्वतःच्या एकावन्न वर्षांच्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि नववा म्हणून उतरला.

मे महिन्यात नागपूरकराने माझा जुना बॉल मागितला. म्हणाला, पोरींना शिकवतो. मी कौतुकाने दिला, हवा भरून. जूनमध्ये त्याचे शनिवार चुकायला लागले. सासू-सासरे आलेत, त्यांना लेक डिस्ट्रिक्ट दाखवतोय. मग स्कॉटलंड. मग परत लेक डिस्ट्रिक्ट. मी म्हणालो, तलाव हललेत का बघायला गेलास का? त्याने अंगठा पाठवला. मी दर शनिवारी त्याची खुर्ची उघडायचो. कोणी बसायला आलं तर सांगायचो, येतोय तो, गाडी लावतोय. एकदा गाडी लावायला त्याला चार पाव लागले.

आणि मग जुलैतला तो शनिवार. लंडनच्या दक्षिणेकडचा क्लब पाहुणा होता. नागपूरकराची गाडी पार्किंगमध्ये शिरताना मी पाहिली, आणि खरं सांगतो, दोन्ही झेंडे वर करून हलवले. दुसऱ्या दारातून पोरगा उतरला. मला वाटलं, शाब्बास, पोरग्याला परत घेऊन आला! हा माणूस हिरा आहे. मग पोरग्याने जॅकेट काढलं. खाली निळी-पांढरी जर्सी.

तरी मी म्हटलं, काहीतरी घोळ आहे. उसनी असेल. मी खांबांत जाऊन उभा राहिलो. पहिला पाव संपला, शिट्टी झाली, मी झेंडे काखेत मारून आमच्या कड्याकडे निघालो. नागपूरकर समोरून चालत येत होता. माझी दोन पावलं त्याच्याकडे वळली. त्याची नाही वळली. तो मैदानाच्या मध्यापर्यंत आला आणि पलीकडच्या कड्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्या कोचच्या मागे, हात पाठीशी बांधून, मान डोलवत. सहा वर्षं माझ्या शेजारी जशी डोलवायचा तशीच. त्यांच्यातल्या एकाने त्याला सरकून जागा दिली. म्हणजे त्याची तिथे जागा होती.

म्हातारीनेही पाहिलं. तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

पोरगा त्या दिवशी कसा खेळला हे मी न वाढवता सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना ते वाढवलेलं वाटेल. त्याने एकूण सहा बॉल झेलले. एकदा आमच्या कोचच्याच पाठीवर गुडघा टेकला. त्याला बॉल धरायला कोणीतरी शिकवलं होतं, बोटं पसरून, अंगठे जवळ. ते कोणी शिकवलं हे मला दिसत होतं, कारण नागपूरकर कडेला उभा राहून बोटं पसरून, अंगठे जवळ आणून दाखवत होता. कुठल्या बॉलवर शिकवलं हेही सांगायला नको.

तर ती शेवटची किक.

‘त्याच्यावर काही सोडू नको बे!’

सहा वर्षांत त्याने कितीदा ऐकलं होतं, की मी बायकोला खोटं सांगेन, मॅनेजरला सांगेन, डेंटिस्टला तर सांगेनच, पण झेंड्याने नाही? आणि आता तो एका पोराला, आमच्या भाषेत, सावध करत होता. माझ्यापासून.

पोरगा धावला. बॉल निघाला तो सरळ, मग वाऱ्याने डावीकडे वळू लागला. मी खांबापाशी सरकलो. बॉल डाव्या उंच खांबाच्या आतून गेला, इतका जवळून की मधे मोदकाची पारीसुद्धा मावली नसती. आमचे खांब पोकळ प्लास्टिकचे. माशी बसली तरी हलतात. तो हलला नाही. आवाजही नाही.

हे फक्त मी पाहिलं होतं. आमचा कोच गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. म्हातारी बघत होती. आठ खेळाडू बघत होते. एक झेंडा हलवला असता, तर आम्ही तीन पॉइंटांनी जिंकलो असतो, आणि बॉल खांबाला चाटला हे कोणीही मानलं असतं.

‘लागला नाही!’ पलीकडून नागपूरकर ओरडला. ‘लागला नाही बे!’

मी दोन्ही झेंडे हलवले.

दोन पॉइंटांनी हरलो. जन्मात मी एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातली जशीच्या तशी सांगितलेली ही एकच, आणि तिला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पार्किंगमध्ये नागपूरकर गाडीपाशी उभा होता. पोरगा आत बसून मोबाइल बघत होता. मी कोट न काढताच गेलो.

‘लेक डिस्ट्रिक्ट बरंच दक्षिणेला आलं रे,’ मी म्हणालो.

‘क्रॉयडनला घर घेतलं,’ तो म्हणाला. ‘ट्रॅमच्या स्टॉपसमोर. नोकरीही तिकडेच.’

‘कधी ठरलं?’

‘मार्चमध्ये.’

मार्च. म्हणजे हातावर टाळी दिली, तेव्हा ठरलेलं होतं. मग मी जे बोललो ते इथे देत नाही, त्यातलं बरंचसं मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. घर बदलताना माणसं फ्रिज नेतात, सोफा नेतात, तू आमचा फॉरवर्ड उचलून नेलास, असंही म्हणालो. त्याने ऐकून घेतलं.

‘पोरगा स्वतः आला माझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘त्याला खेळायचं होतं. जिथे कोणी त्याला कबुतर म्हणणार नाही, तिथे. मागची खोली रिकामी होती, दिली.’

‘आणि मला? मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?’

‘व्हिसा हातात यायचा होता. नवी कंपनी, नवी स्पॉन्सरशिप. तू मंडळात बोलला असतास. माझा मॅनेजर मंडळात आहे.’

‘मी कधी बोललोय?’

‘रीडिंगच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला होता मी, तीन वर्षांपूर्वी. तू दिवाळीच्या फराळाला सांगितलं, मला न्यायला हेलिकॉप्टर आलं होतं.’

ते खरं आहे. म्हणजे हेलिकॉप्टर नाही, सांगितल्याचं खरं आहे. त्या वर्षी त्याचं प्रमोशन राहिलं. ते हेलिकॉप्टरमुळेच, असं मला कधी कोणी म्हणालं नव्हतं.

‘आणखी कोणाला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘घरी.’

‘तुझ्या?’

‘दोन्ही.’

म्हणजे माझ्या बायकोलाही. दर शनिवारी ती मला थर्मास भरून देत होती, दोन कपांचा, आणि त्याची खुर्ची मी उघडणार हे तिला माहीत होतं.

त्याने गाडीचं दार उघडलं. पोरग्याने आतून मान वर केली. ‘काका, थँक्स,’ तो म्हणाला. ‘दोन्ही झेंडा केलं.’ मी मान हलवली. मी नागपूरकराकडे पाहिलं. मला वाटत होतं, तो आता बोलेल. एवढं तरी म्हणेल की मला ठाऊक होतं, तू दोनच हलवशील. मी थांबलो. तो सीटबेल्ट लावत होता.

मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, ‘तुझी खुर्ची माझ्या डिकीत आहे. थांब, काढून देतो.’

‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘तिकडे बाकडी आहेत.’